पोटभर पितंय

मास्तरांचा कान हे त्या गॅरेजातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र होतं. निदान ट्रकवाल्यांचं तरी तसं ठाम मत होतं. इंजिनाची ताकद कुठेही वाढवून घ्या, मोठे नोझल बसवा, मोठा टर्बो चढवा. पण त्या इंजिनाला झेपेल असा फीड पंप निवडायचा तर मास्तरांपुढेच उभं राहायचं. टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा हा पंप दिसायला मुठीएवढा. पण तो कमी पडला तर इंजिन ऐन चढावर उपाशी मरतं, आणि जास्त झाला तर पुढच्या मोठ्या पंपाचं सील फोडून डिझेल ऑइलमध्ये उतरतं. दोन्हीकडून मालकाने कपाळाला हात लावायचा.

मास्तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि इंजिन रेस करायला सांगत. मग निकाल. "अर्धपोटी आहे, दुसरा पंप आणा," किंवा "पोटभर पितंय, जा घेऊन." त्यावर अपील नाही.

त्यांच्या सुनेचा विश्वास मात्र गेजवर. लग्नाआधी ती एका मोठ्या वर्कशॉपात पंपच तपासायची. या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने पाइपात गेज जोडलं, तेव्हा मास्तर फुरंगटले. "ते तुझं घड्याळ तू बघ, मला दाखवू नकोस," म्हणून गेजकडे पाठ आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. ती सवयच पडली. सहा वर्षं काटा आणि कान यांचा निकाल एकच. शेवटी तिनेच हात टेकले. सासऱ्यांचा कान म्हणजे कान, हे ती माहेरीसुद्धा अभिमानाने सांगू लागली.

त्या दिवशी सकाळी भोंगाचा ट्रक आला. भोंगा हे त्याचं टोपणनाव, आणि ज्याने ठेवलं त्याचं भलं होवो. हा माणूस फोनवर बोलू लागला की फोन कशाला, असं वाटायचं. हल्ली मास्तर बाकी सगळ्यांशी दोन शब्दांत आटपत, पण भोंगाशी मात्र त्यांच्या तासभर गप्पा रंगत. सुनेला याचं जरा नवल वाटे, पण म्हाताऱ्या माणसाचा लोभ कुणावर जडेल ते काय सांगावं!

भोंगाच्या इंजिनाची ताकद जवळपास दीडपट वाढवलेली. सुनेने पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला, वायरी सोडवल्या, नवा विजेचा पंप बसवला. गेज जोडायला गेली तर भोंगाचा पाइप जाड, तिच्याकडचं जोडणीचं एकही निपल बसेना. दुसरं आणायला बाजार गाठायला हवा होता. 'जाऊ दे, बाबा आहेत की,' असं म्हणून तिने गेज खोक्यात ठेवलं.

नवऱ्याने इंजिन चालू केलं. मास्तरांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. इंजिनाच्या गदारोळात बाकी कुणाचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, भोंगाचं सोडून.

"वहिनी, याला फार पाजू नका हो! झुलत घरी गेलं तर बायको वास माझ्या तोंडाचा घेते!"

ती खळखळून हसली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मूठ कानावरून काढली.

"पोटभर पितंय. जा घेऊन."

ताकद वाढवलेल्या ट्रकच्या पहिल्या चढावर गॅरेजातलं माणूस सोबत पाहिजे, हा मास्तरांचाच नियम. म्हणून भोंगा चालवायला आणि नवरा शेजारी बसला. मागे पूर्ण माल. ट्रक गेला.

अर्ध्या तासाने हात पुसायला फडकं काढताना तिच्या खिशातून काहीतरी टपकन खाली पडलं. फ्यूज.

ती बघतच राहिली. दुसरा लावला असेल? नाही. ते काम तिचं होतं, आणि तिने ते केलं नव्हतं. म्हणजे पंप चालूच नव्हता. मोठा पंप स्वतःच्या ओढीने थोडंफार डिझेल खेचतो, म्हणून अंगणात रिकाम्या रेसवर इंजिन छान बोललं. चढावर, भरल्या मालानिशी, ती ओढ पुरायची नाही. इंजिन वाटेतच बंद पडणार.

तिने नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. भोंगाला लावला. उचलत नाही. पुन्हा नवऱ्याला. घाईत एकदा भलताच नंबर लागला.

मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. पंप बंद होता. मग बाबांनी ऐकलं काय?

मास्तर पाठमोरे बसून नोझल धूत होते. "बाबा," ती म्हणाली. मान हलली नाही. "बाबा!" ती किंचाळलीच. ब्रश शांतपणे फिरत राहिला. ती पुढे जाऊन उभी राहिली तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. तिने तळहातावरचा फ्यूज दाखवला.

आयुष्यभर पंप बसवलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ऐकू येत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "कधीपासून?"

तिचे ओठ त्यांनी नीट पाहिले. "दीड वर्ष झालं. भोंगाचं तेवढं कळतं."

"मग निकाल कसा देत होता?"

"तुला बघून." त्यांनी मान खाली घातली. "गेजचा काटा पडला की तुझ्या कपाळाला आठी पडते. नसली आठी, तर पंप ठीक. आज तू हसत होतीस गं."

ती त्यांच्या कानाच्या भरवशावर निवांत हसत होती, आणि ते तिच्या हसण्याच्या भरवशावर नवऱ्याला ट्रकमध्ये बसवत होते. संतापावं की रडावं? तिला संताप आला, सासऱ्यांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. पुन्हा फोन लावला. पुन्हा रिंग.

"सांगायचं तरी होतं," ती म्हणाली.

"मग माझ्याकडे आलं कोण असतं?"

दोघं फोन मध्ये ठेवून समोरासमोर बसले. गॅरेजचं फाटक उघडंच होतं. मास्तर दर मिनिटाला तिच्याकडे बघत, आणि ती फोनकडे.

फोन थरथरला तेव्हा मास्तरांचा हात आधी पोचला. स्क्रीनवर मुलाचं नाव होतं. जन्मभराच्या सवयीने त्यांनी तो कानाला लावला.

"बाबा? बाबा, ऐकताय ना?" दोन हातांवरून तिला स्पष्ट ऐकू आलं. "इंजिन वळणावर बंद पडलं. ट्रक घसरत मागे आला, एक चाक रस्त्याबाहेर आहे, पण ब्रेक धरला! आम्ही दोघंही खाली उतरलोय. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बाबा?"

तिचा बांध फुटला. इतका वेळ धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं, तोंड वेडंवाकडं झालं, डोळे वाहू लागले, आणि हुंदक्यांत एक अक्षर निघेना.

मास्तर तिच्याचकडे बघत होते.

त्यांच्या हातातून फोन निसटला. "गेला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते स्टुलावरून सरळ फरशीवर बसले. "मीच... मीच बसवला त्याला..."

फोनमधून मुलगा ओरडत होता, "बाबा, बोला ना!" आणि बाप त्याच्यासाठी ऊर बडवत होता.

ती गुडघ्यांवर आली. नाही, नाही, अशी मान हलवत राहिली. त्यांना ती हलणारी मान दुःखाचीच वाटली. शेवटी तिने त्यांचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तोंड कानाला भिडवलं आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "आहे! बोलतोय तो! आहे!"

रस्त्यावरची माणसं थबकली. शेजारचा टायरवाला धावत आला, त्याच्या मागे दोन ट्रकवाले. सगळे फाटकात उभे राहिले.

मास्तरांनी त्या सगळ्यांकडे पाहिलं. मग सर्वांदेखत कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोल, पोरी," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."