ढब्बूची विद्यार्थिनी

मॅडमनी घरभर पाट्या चिकटवल्या तेव्हा मी त्यांच्या मुलाला, ढब्बूला, सांभाळायला लागून तीन वर्षं झाली होती. दार, आरसा, बादली, उशी. जणू पाटी नसती तर आम्ही बादलीत जेवलो असतो. मुलाला पाचवं लागलं होतं आणि त्याला खेळता खेळता वाचता आलं पाहिजे, असा हुकूम निघाला होता. खेळाचंही वेळापत्रक होतं. साडेचारला वाळूत अक्षर गिरवायचं, पावणेपाचला चिमट्याने पुठ्ठ्याची अक्षरं उचलायची, पाचला टाळ्या. मॅडम ऑफिसातून फोन करायच्या, "मावशी, आनंदाने करतोय ना?"

करतोय कसला! ढब्बू वाळू मोरीत ओतायचा आणि चिमट्याने माझं नाक धरायचा.

मी अंगठेबहाद्दर. एकदा वैतागून त्यालाच विचारलं, "हे काय लिहिलंय रे?" खरंच येत नव्हतं म्हणून विचारलं.

"एवढंपण येत नाही तुला?" ढब्बूचे डोळे चमकले.

झालं, त्या दिवसापासून तो मास्तर. मला आरशासमोर उभी करायचा, चुकले की कान धरायला लावायचा आणि मला शिकवायचं म्हणून आधी स्वतः घोकून ठेवायचा. साबणाचं वेष्टन, जुना पेपर, काही सोडलं नाही आम्ही. सहा महिन्यांत दोघंही अडखळत वाचू लागलो. मॅडमनी श्रेय वाळूला दिलं. माझं मी लाजेपायी सांगितलंच नाही.

मॅडम साहेबांसाठी फ्रीजवर चिठ्ठ्या लावून जायच्या, अगदी उघड्या. माझ्यापासून काय लपवायचं? त्या शुक्रवारी फडकं मारता मारता मी एक वाचली. "मावशींना काढू. मुलाला शिकलेली बाई हवी. आताच सांगू नको."

पुन्हा वाचली. वाटलं, चुकले असेन. चुकले नव्हते. जन्मात पहिली चिठ्ठी वाचली, ती ही! न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. काम दुसरं मिळालं असतं, पण ढब्बूशिवाय दिवस काढायचा म्हटलं की आतडं तुटत होतं. रडून झाल्यावर मात्र डोकं तापलं.

संध्याकाळी मॅडम मोबाइल सरसावूनच घरात शिरल्या. मैत्रिणींच्या ग्रुपवर ढब्बूचं वाचन टाकायचं होतं. बाकीच्यांची पोरं म्हणे धडाधड वाचत होती. ढब्बूने पुस्तक सोफ्याखाली सरकवलं.

"काहीही वाच राजा, तुला हवं ते!"

मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"मा-व-शीं-ना का-ढू," ढब्बूने खणखणीत वाचलं.

"शाब्बास!" मॅडम म्हणून गेल्या आणि मग त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ढब्बू थांबतोय कसला, त्याने शेवटपर्यंत वाचलं. मोबाइल चालूच होता.

"हा कागद कुठून आणलात तुम्ही?"

"फ्रीजवरून. तिथेच तर लावता."

"म्हणजे... तुम्हाला वाचता येतं?"

"येतं की," माझ्याआधी ढब्बूच बोलला. त्याने येऊन माझा पदर मुठीत धरला. "मीच शिकवलंय. आई, तिला काढू नको हं. तिची जोडाक्षरं राहिलीत अजून."