बोलावल्याशिवाय जायचं नाही

"मावशी, जा की आता. ते दोघं मघापासून तुमच्याकडेच बघताहेत," मी शेगडीवरची नजर न हलवता म्हटलं.

"बघू देत. बघणं वेगळं आणि बोलावणं वेगळं." फुसाएमावशी दाराच्या पडद्यामागे उभ्या होत्या. हातात ट्रे, पाठ ताठ. "ठरलं की हाक मारतील."

"मेनू मिटून बाजूला सारलाय त्यांनी."

"मग मनात ठरवत असतील. तू तुझं बघ, ते टोक करपतंय."

काही करपत नव्हतं. मावशींना विषय बदलायचा असला की माझं हमखास काहीतरी करपतं.

मिशिमा गावात 'सेगावा' हे आमच्या खानावळीचं नाव घेतलं की लोकांना बाम मासा आठवतो. फुजी डोंगराचं पाणी गावातून खळाळत जातं, त्याच पाण्यात आम्ही बाम ठेवतो. मी तो चिरतो नि भाजतो, मावशी तो पाहुण्यांपुढे नेऊन ठेवतात. मी इथं लागलो तेव्हाही त्या बाहेर वाढायलाच होत्या. नवरा लवकर गेला, मुलगा साप्पोरोला संसार थाटून बसला. त्यांचं असं जे काही उरलं ते त्या सात-आठ टेबलांमध्ये होतं. दुसरीकडे कुठे मी त्यांना एवढं सरळ उभं राहिलेलं पाहिलं नाही.

हे उभं राहणं त्यांना थोरल्या मालकीणबाईंनी शिकवलं. पाहुणा बसला की त्याच्या मानेवर श्वास सोडत उभं राहायचं नाही. त्याने हाक मारेपर्यंत जायचं नाही आणि मारली की थांबायचं नाही. काही बिघडलंच तर वाकून माफी मागायची. कारण सांगत बसायचं नाही, कारण सांगितलं की ते कुणाच्या तरी डोक्यावर फुटतं. थोरल्या मालकीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण मावशींच्या लेखी त्या अजून गल्ल्यावर बसलेल्या होत्या.

गल्ल्यावर आता त्यांची सून चिगुसा बसते. बाई वाईट नाही. काळजीने पोखरलेली आहे. गावातली जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली आणि दुपारचं दुकान आता स्टेशनजवळच्या हॉटेलातून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांवर चालतं. त्या हॉटेलातून तक्रारी येऊ लागल्या होत्या, की सेगावात आमच्या माणसांकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्या दिवशी सकाळी चिगुसाबाईंनी मावशींना बाजूला घेतलं.

"मावशी, आता पुन्हा तक्रार आली तर मला तुम्हाला मागे भांड्यांवर घ्यावं लागेल. दुसरा इलाज नाही माझ्यापाशी."

"समजलं," म्हणून मावशींनी पुसलेली टेबलं परत पुसली.

अशा वेळी दुसऱ्या कुणी काय केलं असतं? पाहुणा टेकायच्या आत धावत गेलं असतं. मावशींचं उलटं झालं. भीती वाटली तशा त्या आपल्या रीतीला जास्तच घट्ट धरून बसल्या. चहा त्यांनी लगेच दिला होता, आणि मग पडद्यामागे येऊन हाकेची वाट बघत राहिल्या. टेबलावरचे ते दोघंही वाट बघत राहिले, ही कधी येते याची. पुरुष उंच, टकला, मान उन्हाने लाल झालेली. बायकोचे केस पिकलेले, गुडघ्याला पट्टा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो.

शेवटी बाहेर गेलेल्या चिगुसाबाई परत आल्या. दारातूनच त्यांनी ते टेबल बघितलं, पडदा बघितला आणि चप्पलही न बदलता टेबलाशी गेल्या. दोघांनी चित्रावर बोट ठेवलं. दोन बामपेट्या, म्हणजे पेटीत भातावर रचलेला भाजका बाम, आणि त्याच्याच काळजाचं सार.

मी दोन मासे काढले. चिरायचे, सळ्यांत ओवायचे, भाजायचे, वाफवायचे, मग रसात बुडवून परत भाजायचे. यात बराच वेळ जातो आणि आमच्याकडे गिऱ्हाइक ते गृहीत धरूनच बसतं. कुणी पेपर वाचतं, कुणी शेजाऱ्याची उणीदुणी काढतं. लवकर आलेल्या बामाचा इथं उलट संशय घेतात. भिंतीवर तशी पाटीही आहे, आमच्या लिपीत.

आणि नेमके तेव्हाच दातांचे डॉक्टर मोतेगी सहकुटुंब आले. त्यांनी सकाळीच फोन केला होता, त्यामुळे ते बसले न बसले तोच त्यांच्या पेट्या तयार होत्या. मावशी त्या घेऊन लाल मानेच्या माणसाच्या अगदी जवळून गेल्या. रसाचा वास सगळ्या दुकानात पसरला.

तो माणूस उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला आत ऐकू आला. त्याने फोन तोंडाशी धरून काहीतरी म्हटलं आणि मावशींसमोर धरला. फोनमधली बाई बातम्या सांगतात त्या सुरात आमच्या भाषेत बोलली, "आम्ही यांच्या आधी आलो. यांना जेवण मिळालं, आम्हाला मिळालं नाही. कृपया कारण सांगा."

मावशी कमरेतून वाकल्या. "माफ करा. आपला फार खोळंबा झाला."

"माफी नको. कारण सांगा."

"फार चुकलं आमचं."

"म्हणजे तुम्ही मान्य करता? आम्ही परके म्हणून आम्हाला मागे ठेवलं?"

फोनमधली बाई हे सगळं त्याच गोड सुरात विचारत होती, त्यामुळे ते आणखी वाईट वाटत होतं. डॉक्टरांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. त्यांची बायको साराच्या वाटीत बघत बसली. मावशी वाकलेल्याच होत्या. त्या जितक्या खाली जात होत्या तितका तो तापत होता.

त्या मागे सरकून खिडकीशी आल्या तशी मी कुजबुजलो, "अहो, सांगा ना, त्यांनी फोन केला होता म्हणून."

"डॉक्टरांच्या डोक्यावर फोडू? जेवताहेत ते."

"मग तुम्ही हाकच मारली नाहीत म्हणावं."

"चारचौघांत पाहुण्याला अडाणी ठरवू?"

माझा संताप झाला. त्या माणसाचा नाही, मावशींचा. त्यांची जागा चालली होती आणि त्या लोकांची अब्रू सांभाळत बसल्या होत्या.

चिगुसाबाई मध्ये पडल्या. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी येतं. डॉक्टरांनी सकाळी केलेल्या फोनचं, भाजण्याचं सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. त्या माणसाने ऐकून घेतलं, मग परत आपला फोन पुढे केला.

"ठीक आहे. पण त्याआधी आम्ही नुसते बसलो होतो, तेव्हा या बाई पडद्यामागे का उभ्या होत्या? मला त्यांचे पाय दिसत होते."

दारावरचा पडदा गुडघ्यापर्यंतच येतो. चिगुसाबाईंनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी आपल्या पायांकडे पाहिलं.

चिगुसाबाई तडक आत आल्या. "दादा, अजून किती?"

"आत्ता वाफेवर ठेवलाय."

"काढा. तसाच भाजा."

"रबर खायला घालू त्यांना?"

"घाला. पण ते जेवल्याशिवाय निघून गेले ना, तर..." पुढचं त्यांनी मावशींकडे बघत गिळलं.

मी झाकणाला हात घातला. खरं सांगतो, काढणार होतो. तेवढ्यात मावशी खिडकीतून हळूच म्हणाल्या, "इवाओ, घाई करू नकोस. कच्चा दिलास तर मी नेणार नाही."

मी झाकण सोडलं. बाहेर त्या माणसाने पाठीवरची पिशवी खांद्याला लावली. त्यांना गाडी गाठायची होती, सारखा घड्याळाकडे बघत होता. बायको मात्र उठली नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती त्याला एकच काहीतरी तुटक बोलली आणि तो पिशवीसकट खुर्चीच्या कडेवर टेकला. मी मासे उचलले, रसात घातले, भाजले. थोडा रस निखाऱ्यावर सांडला.

मावशींनी पेट्या नेल्या. झाकणं काढून दिली, तिरफळाच्या पुडीची डबी जवळ सरकवली, वाकल्या आणि चार पावलं मागे झाल्या. आत मात्र आल्या नाहीत. बायकोने पहिला घास घेतला नि थांबली. मग नवऱ्याला कोपराने खूण केली. तो रागातच जेवायला लागला, पण हळूहळू त्याचा खाली घातलेला चेहरा वर येईनासा झाला. पिशवी कधी जमिनीवर ठेवली हे त्याचं त्यालाही कळलं नसेल. पेट्या अगदी धुतल्यासारख्या रिकाम्या झाल्या. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात डॉक्टर मोतेगींनी हात वर केला. "अहो मावशी, चहा." मावशी लगेच पोचल्या. ती पिकल्या केसांची बाई ते बघत होती. तिने डॉक्टरांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि फोन उचलला. मावशी पेट्या उचलायला गेल्या तेव्हा फोनमधली बाई बोलली, "त्या गृहस्थांनी हाक मारली आणि तुम्ही लगेच आलात. इथं तशी पद्धत आहे का? आम्ही हाक मारायला हवी होती का? चूक आमची होती का?"

मी हातातला पंखा थांबवला. आता रागाचा मागमूस नव्हता. ती पाहुणी सरळ मनाने विचारत होती. नवराही मान वर करून ऐकत होता. चिगुसाबाई गल्ल्यावरून अर्ध्या उठल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं, की त्यांनाही तेच हवंय. मावशींनी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मावशींनी ॲप्रनला हात पुसले. "नाही हो. आपलं काही चुकलं नाही. मी यायला हवं होतं. माझंच लक्ष नव्हतं."

फोनने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. तो माणूस मान हलवून 'असंच वाटलं होतं' अशा चेहऱ्याने उठला. जाताना दोघंही अवघडून वाकले. मावशी दाराबाहेर जाऊन, ते ओढ्यावरचा पूल ओलांडेपर्यंत उभ्या राहिल्या.

त्या आत येताच चिगुसाबाई म्हणाल्या, "मावशी, हे काय केलंत? ती स्वतःहून म्हणत होती."

"म्हणून काय तिच्या तोंडावर, हो बाई, तुझंच चुकलं, म्हणू? एवढ्या लांबून जेवायला आली होती."

"तो आता हॉटेलात तुमचंच नाव सांगणार."

"सांगू दे. मी म्हटलं तेच सांगेल."

त्याने सांगितलं. त्याच दिवशी हॉटेलातून फोन आला. खाणं उत्तम होतं, पण त्या वाढणाऱ्या बाईंचं लक्ष नसतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या म्हणे. मावशींना ते सांगताना चिगुसाबाईंनी दोनदा 'माफ करा' म्हटलं. मावशींनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही तरी काय करणार, बाई. दुकान चालायला हवं." मला मात्र कुणाची समजूत काढायची नव्हती. दोन दिवस मी मावशींशी बोललो नाही.

टेबलांवर बटणं आली. दाबलं की आत घंटी वाजते. वाढायला नोझोमी नावाची चुणचुणीत मुलगी आली, ती इंग्रजीही बोलते. मावशी मागे, नळापाशी. त्यांचा ॲप्रन आता रबराचा आहे आणि पाठ थोडी वाकलीय, मोरी खाली आहे म्हणून.

परवा रविवारी दुकान भरलेलं होतं. घंटी सारखी वाजत होती. मध्येच कोपऱ्यातल्या टेबलावरून, बटण न दिसलेल्या कुणा म्हाताऱ्याने हाक मारली, "अहो, ऐकता का?"

"हो, आले."

आवाज मोरीतून आला, खणखणीत. मी वळलो. मावशी पडद्यापर्यंत पोचल्याही होत्या. नळ बंद, हात पुसून कोरडे, पाठ ताठ. पडद्यापलीकडून नोझोमी म्हणत होती, "बोला आजोबा, काय आणू?"

मावशी तिथेच थांबल्या. मग परत गेल्या आणि कोरडे हात पाण्यात घातले.