लांब दांड्यांची फुलं

पान अजून तसंच होतं. दांड्याच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे पान असायचं काही कारण नाही अशा जागी, बोटभर लांबीचं, हिरवंगार, कडेला जराशी माती लागलेलं — आणि ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती सिंकपाशी उभी राहून त्या एका पानाकडेच बघत राहिली, फुलांकडे तिचं लक्ष नंतर गेलं. फुलं म्हणजे कळ्याच. लिलीच्या, घट्ट मिटलेल्या, हिरवट. रंग कोणता निघेल याचा पत्ता लागू न देणाऱ्या. ओल्या कागदात गुंडाळून सिंकमधल्या बादलीत उभ्या केलेल्या. शेजारी त्याचा चहाचा कप, धुऊन पालथा घातलेला. म्हणजे घाऊक बाजारातून येऊन, चहा पिऊन तो दुकानाकडे गेलासुद्धा, रोजच्यासारखाच. फक्त आज बाथरूमच्या दारावर टकटक करून 'निघतो गं' म्हणाला नाही. की म्हणाला होता? नळ चालू होता...

फुलवाल्याच्या घरात फुलं दिसली म्हणून बायकोने असं खांबासारखं उभं राहायचं? कोणाला सांगितलं तर हसतील. पण त्याच्या दुकानात फूल आलं की सगळ्यात आधी खालची पानं खुडतात, नाहीतर पाणी नासतं. मग रोज सकाळी दांडा जरासा कापतात, पाणी वर चढावं म्हणून. विकलं गेलं नाही तर फूल उमलत जातं आणि दांडा तोकडा होत जातो, आणि आता हे कोणी घेणार नाही अशी खात्री पटली की ते फूल तिच्या घरी येतं. लग्नातलं उरलेलं, मयताच्या ऑर्डरीतलं उरलेलं, कोणाच्या तरी बक्षीस समारंभातलं. इतक्या वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरातली फुलं ठेवायची सगळी भांडीसुद्धा बुटकी — जॅमच्या बाटल्या, कान तुटलेले कप, एक काचेचा पेला. या लांबलचक दांड्यांना उभं करायला घरात एक भांडं नव्हतं. आणि पानं खुडलेली नाहीत, दांडे कापलेले नाहीत, म्हणजे ही फुलं दुकानात गेलीच नव्हती. बाजारातून थेट इथे. माझ्यासाठी?

तक्रार तिने कधी केली नव्हती. खरंच केली नव्हती. सकाळी चहा गाळताना समोर काहीतरी पिवळं, काहीतरी लाल असलं की दिवस जरा कमी अंगावर येतो, आणि ते पिवळं शिळं आहे की ताजं हे चहा गाळणाऱ्या माणसाला कुठे विचारायचं असतं? लेक झाली तेव्हा तो दवाखान्यात हा एवढा मोठा गुच्छ घेऊन आला होता, धापा टाकत, आणि त्याच्या रिबिनीवर सोनेरी अक्षरांत 'निवृत्तीच्या शुभेच्छा' असं लिहिलेलं होतं — घाईत काढायचीच राहून गेली! नर्स हसल्या, शेजारच्या खाटेवरची बाई हसली, आणि तीही टाके दुखेपर्यंत हसली. असाच आहे माझा नवरा, असं ती पुढे सगळ्यांना कौतुकाने सांगायची. कौतुकानेच.

पण त्याचंच एक ठरलेलं बोलणं होतं, आणि ते आत्ता, केस पुसता पुसता आठवलं. रात्री जेवताना तो गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा. म्हणायचा, "हे बघ, वाढदिवस नाही, आजारपण नाही, कोणी गेलेलं नाही, आणि तरी एखादा बाप्या बायकोसाठी फुलं न्यायला आला, भाव न विचारता — तर समजायचं, गडी एकतर काहीतरी करून बसलाय, नाहीतर डॉक्टरकडून आलाय."

करून बसण्याचा तर प्रश्नच नव्हता. तो कुठलं काय करून बसतोय! गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय उठता येत नाही, बातम्यांचे मथळे संपायच्या आत घोरायला लागतो. असल्या माणसाकडे कोण बघणार, आणि बघितलंच कोणी, तर फुलं तिला मिळतील, मला कशाला? मग राहिलं दुसरं. मागच्या आठवड्यात छातीत दुखतंय म्हणून तो डॉक्टरकडे जाऊन आला होता. मी येते म्हणाले, तर 'तुझी रजा कशाला उगाच?' आणि आल्यावर चपला काढता काढता, पाठमोराच — "काही नाही, गॅस आहे."

गॅस!

दंतवैद्याच्या दवाखान्यात ती स्वागताच्या टेबलाशी बसायची. तिथेही त्याच्याच दुकानातली उरलेली फुलं असायची, तिनेच नेलेली, कारण डॉक्टरीणबाईंचं मत होतं की समोर फूल असलं की पेशंट दाराकडे कमी बघतात. ते खरंही होतं. गाल धरून आलेली एक आजी आज कितीतरी वेळ तोकड्या गुलाबांकडे बघत बसली होती, आणि तिचा गालावरचा हात हळूहळू मांडीवर आला होता. कोणाच्या तरी लग्नातले गुलाब ते... लग्न झालं असेल, पाहुणे गेले असतील, आणि हे इथे एका अनोळखी बाईची दाढ सांभाळतायत. फुलाला काय, कुठेही उपयोगी पडतं. मग माझ्या सिंकमधली ती कशाच्या उपयोगाची आहेत? कोणाचं दुखणं विसरायला लावायचंय त्याला, माझं की त्याचं?

"अहो बाई," डॉक्टरीणबाई आतून डोकावल्या, "एकाच वेळेला दोघांना बोलावलंत का तुम्ही? खुर्ची एकच आहे हो माझ्याकडे."

बाहेर खरंच दोघं बसले होते, आपापला जबडा धरून, एकमेकांकडे संशयाने बघत. तिने माफी मागितली. एकाला चहा दिला, मग त्याला आता भूल द्यायची आहे हे आठवून तो परत घेतला. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

दुपारी लेकीचा फोन आला, तेव्हा सांगायचं नाही असं ठरवूनही तिने सांगून टाकलं. पलीकडे आधी हसू आलं. "अय्या, बाबांनी? ताजी?" आणि मग हसू मध्येच थांबलं. "आई... बरं आहे ना गं त्यांना?"

"बरं नसायला काय झालंय? फुलवाला आहे तुझा बाप, विसरलीस का?" असं ती म्हणाली, पण इतक्या मोठ्याने, की ज्याचा चहा परत घेतला होता तो माणूससुद्धा दचकला. म्हणजे लेकीच्याही मनात तेच आलं. ती तिकडे, इतक्या लांब, नुसतं ऐकून — आणि तिच्याही मनात तेच आलं.

मग तिने त्याला फोन लावला. मागे कात्रीचा आवाज, कोणीतरी भाव विचारतंय.

"बोल गं."

"काही नाही." तुला काय झालंय? डॉक्टर नक्की काय म्हणाले? मला सांग, मी खंबीर आहे, मी काहीही ऐकून घेईन... "येताना दूध आण."

"आणतो." फुलांचं नाव ना त्याने काढलं, ना तिने. मग पलीकडून कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

घरी जाताना ती भांड्यांच्या दुकानासमोर थबकली. काचेची एक उंच, साधी फुलदाणी होती, त्या दांड्यांना बरोबर बसेल अशी. आत जाऊन तिने ती हातातही घेतली. पण असली फुलदाणी घेणं म्हणजे यापुढेही अशी फुलं येत राहणार असं धरून चालणं, आणि ती आलीच नाहीत तर? आणणाराच... छे, भलतंच काय? आणि समजा काही झालेलं नसेल, आणि तरी फुलदाणी आणली, तर ते 'आता असंच आणत जा' म्हटल्यासारखं होईल. एवढी वर्षं नाही मागितली, आता मागायची? दुकानदार बघत होता. तिने फुलदाणी जागेवर ठेवली आणि उगाचच एक गाळणं विकत घेतलं.

तो आला, दूध घेऊन आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. बादली तिने सिंकमधून काढून खिडकीशी ठेवली होती, त्याच्या अगदी समोर. त्याने बादलीकडे पाहिलं आणि ताटात लक्ष घातलं.

"ती फुलं —" ती म्हणाली.

"हां, ती." त्याने घास गिळला. "एकाची ऑर्डर होती. बाजारात घेऊन झाली, पैसे दिले, आणि मग त्याचा फोन. नकोत म्हणे."

"असं होय?"

"मग? लोकांचं काय सांगावं!"

तिचा जीव भांड्यात पडला. दिवसभर टांगणीला लागलेला, तो एकदम पडला, आणि पडल्या पडल्या तिला कळलं की हे खोटं आहे. आज शनिवार, समारंभांचा दिवस. शनिवारी लिलीच्या ताज्या कळ्या दुकानात ठेवल्या असत्या तर दुपारच्या आत एक दांडा उरला नसता, ऑर्डर रद्द होवो नाहीतर न होवो. हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मग?

"छातीचं काय म्हणाले होते डॉक्टर? नीट सांग."

"किती वेळा सांगू? गॅस. तेलकट कमी खा म्हणाले." त्याने ताट पुढे केलं. "भाजी झकास झालीये. वाढ ना अजून."

त्याचे कान लाल झाले होते. ती वाढता वाढता बघत राहिली. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, आणि लाजला की पण होतात — लग्नाआधी पहिल्यांदा तिचा हात धरला तेव्हाही झाले होते — आणि इतक्या वर्षांत दोन्हींतला फरक आपण कधी शिकून घेतला नाही, याचं तिला नवल वाटलं. भूक चांगली होती त्याची. आवाज ठणठणीत होता. आजारी माणूस असा जेवत नाही.

म्हणजे काहीच नाही? आजार नाही, लफडं नाही, ऑर्डरबिर्डर काही नाही — बाजारात उभा होता, फुलं दिसली, तिच्यासाठी घ्यावीशी वाटली, घेतली. इतकं सोपं होतं ते? रोज पहाटे तो त्याच बाजारात असतो. रोज. मग लेक झाली तेव्हा का नाही, माझी आई गेली तेव्हा का नाही, त्या सगळ्या सकाळींना काय झालं होतं? मी समजून घेत होते. धंदा आहे, ताजं फूल म्हणजे विकायचा माल, घरी आणून कसं चालेल — किती शहाण्यासारखी समजून घेत होते मी, आणि तो तर एखाद्या पहाटे माझ्यासाठी नुसता थांबला असता तरी पुरलं असतं.

काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरने काहीतरी सांगितलं असतं.

हे आपल्या मनात आलं? आपल्याच? तिने पळी घट्ट धरली. अगंबाई, काय हे... तो खाली मान घालून चवीने जेवत होता, पाठीत जरा वाकलेला, तिच्या फोनची आठवण ठेवून दूध आणणारा, धडधाकट. त्याला काही व्हायला नको म्हणून ती दिवसभर मरत होती, आणि आता त्याला काहीच झालेलं नाही म्हणून तिला त्याचा राग येत होता. आणि त्या रागाच्या आत कुठेतरी, अजून धड ओळखू न येणारं, खूप जुनं असं एक सुखही होतं, आणि या दोहोंतलं आधी काय बाहेर येईल याची तिला इतकी भीती वाटली की ती तोंड मिटून त्याला वाढतच राहिली, तो 'पुरे, पुरे गं' म्हणेपर्यंत.