डावीकडची झांज

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही जरा जवळ या; ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. एका गृहस्थांची गोष्ट आहे. त्यांचा देवावर विश्वास होता, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर विश्वास होता, स्वतःच्या कानांवर तर काकणभर जास्तच होता. उडाला तो फक्त सख्ख्या मेहुण्यावरचा. कसा उडाला आणि त्याचं पुढे काय झालं, ते ऐका.

छापखान्यातल्या मोठ्या मशीनपुढे त्यांचा जन्म गेला. नोकरी सुटली, तरी लोक त्यांना मशीनमनच म्हणत. आयुष्यभर धडधडाट ऐकलेल्या माणसाला खरं तर शांततेची ओढ लागायची, पण यांना लागली गाण्याची. तेही साध्यासुध्या डबीतून नाही, तर कमरेएवढ्या उंच जुन्या लाकडी स्पीकरांतून. "डबीतलं गाणं ऐकणं म्हणजे फोटोतलं जेवण जेवणं," असं ते म्हणत.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे बैठक असे. बटण दाबलं की काचेच्या व्हॉल्व्हमध्ये तांबूस तार उजळे आणि खोलीला तापल्या धुळीचा वास येई. व्हॉल्व्ह तापेपर्यंत बोलायचं नाही आणि तबकडीवर सुई टेकल्यावर शिंकायचंही नाही, असा घरचा कायदा होता. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर मशीनमनांची खुर्ची. तिच्यात ते ताठ बसत, मान सरळ, डोळे मिटलेले.

"हे गाणं ऐकतायत की फोटो काढून घेतायत, देव जाणे," बायको म्हणे.

बैठकीला शेजारचे, चष्म्यांचं दुकान असलेले चष्मेवाले येत, आणि बायकोचा धाकटा भाऊ येई. हा मेहुणा रेडिओदुरुस्तीवाला. बाजारामागच्या बोळात त्याचं जेमतेम पाय पसरता येतील एवढं दुकान. हा सगळा संच त्यानेच जमवून, डागडुजी करून उभा केलेला. बहिणीला माहेरचं म्हणून उरलेलं हे एवढंच माणूस. त्यामुळे रविवारी ती तबकडीची कमी आणि दाराची वाट जास्त बघे.

शेवटची तबकडी ठरलेली असे. थकल्या गळ्याच्या एका बाईंनी गायलेली देवाची गाणी. बाई मधोमध, पेटी उजवीकडे आणि झांज डावीकडे. बाई देवाचं नाव घेऊन थांबल्या की झांज एकदाच वाजे, आणि तिचा नाद विरत विरत इतका बारीक होई की तो संपला कुठे आणि आपला श्वास सुरू झाला कुठे, हे कळू नये. "देव त्या फटीत बसलेला असतो," मशीनमन म्हणत. हे मात्र त्यांचं अगदी खरं होतं.

तर एकदा डाव्या स्पीकरच्या मोठ्या पडद्याची कड उसवली आणि आवाज फाटायला लागला. मेहुण्याने स्पीकर हातगाडीवर घालून दुकानात नेला, कड बदलली, आणि परत आणून जागेवर ठेवला. "ऐका भावोजी, नव्या नवरीसारखा झालाय."

तबकडी लागली. बाई थांबल्या. झांज वाजली, पण कशी? कुणीतरी वर फडकं टाकल्यासारखी. नाद विरला नाही, नुसता बसला.

मशीनमनांनी डोळे उघडले आणि मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा डोळे मिटून डोलत होता. आणि मशीनमनांच्या मनात पाल चुकचुकली.

बारीक स्वर निघतात ते वरच्या छोट्या स्पीकरमधून. ट्वीटर म्हणतात त्याला. मूळचे ट्वीटर आता मिळत नाहीत. शौकीन त्यांच्यासाठी जीव टाकतात. स्पीकरचं खोकं उघडलेलंच होतं, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मूळचा काढून तिथे हलका बसवायला कितीसा वेळ?

संशय हा असा पाहुणा आहे की त्याला पाणी विचारलंत की तो मुक्काम ठोकतो. मशीनमनांनी भिंग घेऊन स्पीकरचे स्क्रू तपासले. ट्वीटरच्या एका स्क्रूवर ताजा ओरखडा होता. कड मोठ्या पडद्याची बदलली, मग छोट्याच्या स्क्रूला हात का लागला? मेहुणा आला की ते त्याच्या हातांकडे बघत. तो हसला तर "का हसला?" आणि गप्प बसला तर "का गप्प बसला?" त्याने दुकानाच्या फळीला नवा रंग दिला होता. तोही आता उगाच दिला असेल होय?

पण मशीनमन आंधळा आरोप करणारे नव्हते. या शौकाची एक पद्धत आहे. एका बाजूला बिघाड वाटला की डावी-उजवीकडचे भाग एकेक करून आपसांत बदलायचे. ज्या भागाबरोबर बिघाड पलीकडे जाईल, तो भाग चोर. त्यांनी आधी व्हॉल्व्हची अदलाबदल केली. बिघाड डावीकडेच. मग स्पीकरांच्या तारा उलट्या लावल्या. आता झांज उजव्या स्पीकरमधून आली, आणि काय लख्ख आली! डावीकडे गेलेली पेटी मात्र गोधडीत गुंडाळल्यासारखी. त्यांनी तारा परत होत्या तशा लावल्या. म्हणजे तबकडी निर्दोष, अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष. डावा स्पीकरच चोर, आणि स्पीकर चोर म्हणजे कोण चोर, हे काय सांगायला हवं?

"तुला काही फरक वाटतो?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला वाटतं, तुम्ही आंघोळ करून घ्यावी."

चष्मेवाल्यांना विचारलं. चष्मेवाले स्वभावाने होयबा. "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. मलाही हल्ली डावीकडे जरा… हो हो, जरा तसंच." एवढं बोलून ते आपल्या दुकानात गेले आणि तिथे आलेल्या चार गिऱ्हाइकांना, नावं न घेता पण खुणा सगळ्या सांगून, ही हकीकत ऐकवून मोकळे झाले.

पुढचा रविवार आला. तबकडी संपली, आणि मशीनमन खुर्चीतून न उठताच म्हणाले, "मेहुणेबुवा, जरा पेचकस काढा. तो ट्वीटर बघायचाय."

"का हो? काय झालं?"

"ते तुम्हीच सांगा. मूळचा कुठे गेला?"

मेहुणा आधी हसला. थट्टा वाटली त्याला; मेहुण्याची थट्टा तर रोजचीच. मग भावोजींच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू उतरलं. चष्मेवाले एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"अहो, काय बोलताय? माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच घरात विचारतोय. चव्हाट्यावर नाही."

मेहुण्याने पुन्हा तबकडी लावली, भावोजींना तसंच बसू दिलं आणि स्वतः त्यांच्या खुर्चीमागे डावीकडे जाऊन उभा राहिला. झांज वाजून विरून गेली. तो तिथे बराच वेळ उभा होता. पुढे आला तेव्हा त्याचा चेहरा पार बदलला होता. राग नव्हता त्यावर. मशीनमनांनी काय ओळखलं? पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा!

"बरोबर आहे तुमचं, भावोजी," तो म्हणाला. "चुकलं माझं. तो… बदलला मी. माझ्या घरच्या स्पीकरमधला मूळचा आहे, तो आणून बसवतो."

बहिणीच्या हातातलं फडकं खाली पडलं. "अरे, तू? तू असं केलंस?"

तो मान खाली घालून बाहेर पडला. संध्याकाळच्या आत आपला ट्वीटर आणून बसवला, जुना काढून पिशवीत घातला, आणि पाणीही न पिता निघून गेला. बहीण दाराशी आली नाही.

त्यानंतरचे काही दिवस मशीनमन हवेत होते. "बघा! आता कशी वाजते!" मन फार लबाड असतं हो, आपण ठरवलेलं ऐकवून दाखवतं. पण त्याचा दम किती? थोड्याच दिवसांत झांजेवर पुन्हा फडकं आलं. आणि मशीनमनांना काय वाटावं? की हा ट्वीटरही नकली! एकदा कबूल होऊन वर दुसऱ्यांदा फसवून गेला! कावीळ झालेल्याला चंद्रही पिवळा.

मेहुणा यायचा बंद झाला. त्याच्या दुकानात रेडिओ टाकणारे चष्मेवाल्यांच्या बातमीनंतर दुसरीकडे वळले. आणि घरात बायको अबोल झाली. भांडली असती तर परवडलं असतं. ती फक्त कायदे मोडायला लागली. तबकडी चालू असताना भांडी आपटायची. एका रविवारी तर, बाई गात असताना, डावीकडच्या दारात उभं राहून ती मोठ्याने म्हणाली, "अहो, ऐकता का? धाकट्याने दिलेला टेबलपंखा त्याला परत करून या. चोराची वस्तू मला घरात नको."

आजवर सुई टेकलेली असताना मशीनमनांनी कधी मान वळवली नव्हती. आज वळवली. चांगली सबंध, दाराकडे, कपाळाला आठ्या घालून. काहीतरी खरमरीत बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी बाई थांबल्या आणि झांज वाजली.

लख्ख! धुतलेल्या काचेसारखी. नाद विरत विरत गेला, पार त्या फटीपर्यंत.

मशीनमनांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी मान सरळ केली. फडकं. मान डावीकडे. लख्ख. सरळ. फडकं. बायको बघतच राहिली. "मान लचकली का?"

ते उठले. खुर्ची फिरवली, स्पीकरांकडे पाठ करून बसले. आता झांज त्यांच्या उजव्या कानाशी होती. लख्ख. आणि डाव्या कानाशी आलेली पेटी गोधडीत.

त्यांनी व्हॉल्व्ह बदलून पाहिले होते, तारा बदलल्या होत्या, ट्वीटर बदलून झाला होता. डावी-उजवी करायचा एकच भाग राहिला होता, आणि तो खुर्चीत बसलेला होता. आयुष्यभर मशीनकडे डावा कान करून उभे राहिलेले गृहस्थ! मशीनने आपलं येणं त्या कानातून कधी वसूल केलं, त्यांना पत्ताही लागला नाही.

आता त्यांना ही गोष्ट गिळून टाकता आली असती, मंडळी. चोर कबूल झालेला होता, साक्षीदार होते. गप्प बसले असते, तर त्यांच्या पक्क्या कानाचं नाव शाबूत राहिलं असतं. ते घटकाभर बसलेही तसेच, सुई शेवटच्या रेघेत खरखरत असताना. मग बायकोला म्हणाले, "चप्पल घाल. धाकट्याकडे जायचंय."

"पंखा घेऊ?"

"पंखा राहू दे."

बोळातल्या दुकानात मेहुणा एकटाच बसला होता. फळीवर दुरुस्तीला आलेलं काहीच नव्हतं. मशीनमनांनी दारातूनच विचारलं, "कड बदलताना ट्वीटरला हात लावला होतास?"

"धूळ पुसायला काढला होता. तोच परत लावला."

"मग बदलला म्हणून का सांगितलंस?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई, तू जरा बाहेर थांबतेस?"

"ती इथेच थांबेल," मशीनमन म्हणाले. "डावा कान गेलाय माझा. आज कळलं. तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

मेहुण्याने खाली बघत मान हलवली. "तुमच्या मागे उभा राहून मी किल्ल्या वाजवल्या होत्या, भावोजी. तुमच्या डाव्या कानाशी. चष्मेवाले दचकले. तुम्ही नाही."

"मग बोलायचं की रे मूर्खा!"

"काय बोलायचं? चार माणसांत म्हणायचं की तुम्हाला ऐकू येत नाही? गाण्यावाचून तुमचं दुसरं आहे काय? मला चोर म्हटलं, तर उद्या मी तोच माणूस असतो. तुम्ही मात्र…" त्याने वाक्य सोडून दिलं. "वाटलं, नव्या ट्वीटरच्या आनंदात वर्ष-दोन वर्षं निघून जातील."

बहीण पुढे आली. तिने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात, आणि मग त्याच हाताने त्याचं डोकं जवळ घेतलं. "एक बहिरा आणि एक खोटारडा," ती रडत म्हणाली. "आणि मी बिनडोक, की खोटारड्यावर विश्वास ठेवला."

मशीनमन तिथून थेट चष्मेवाल्यांच्या दुकानात गेले. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. तेच त्यांना हवं होतं. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "स्पीकरमध्ये काही बिघाड नव्हता. बिघाड माझ्या कानात आहे. माझा मेहुणा चोर नाही. तो चोर आहे असं ज्यांना ज्यांना तुम्ही सांगितलंत, त्यांना आता हेही सांगा." चष्मेवाले म्हणाले, "हो हो, मलाही तसंच वाटत होतं."

सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. गेलेली गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत. बातमी पायी जाते आणि खुलासा लंगडत जातो. मशीनमनांना डावीकडची झांज पूर्वीसारखी पुन्हा कधी ऐकू आली नाही. पण रविवारी आता खुर्ची तिरपी ठेवलेली असते, आणि बाई थांबल्या की मेहुणा भावोजींच्या गुडघ्यावर हलकेच बोट टेकवतो. नाद पुरता विरला की उचलतो.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांसाठी मागून झालं की घटकाभर त्या बोळातल्या दुरुस्तीवाल्याला आठवा. दुसऱ्याचा मान झाकायला त्याने स्वतःच्या अंगावरची चादर काढून दिली, आणि थंडी वाजते म्हणून कधी बोलला नाही. तेवढं आठवा त्याला.