हजार फुटांचा घोळ

मित्रांनो, अंतर मोजणारा एक जुना गाडा तुमच्याशी बोलतो आहे. एक चाक, लांब दांडा आणि फुटांचे आकडे दाखवणारी डबी, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघालो तो थेट अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या एका लहान गावाच्या नगरपालिकेत आलो. तिथल्या निरीक्षक वर्नाबाईंनी मला वीस वर्षं रस्तोरस्ती फिरवलं. "माणसं खोटं बोलतील, हा नाही बोलणार," असं त्या कौतुकाने सांगत. मी फुलून जायचो.

मग राज्यात गांजाची विक्री कायदेशीर झाली. आमच्या गावाने नियम केला : असं दुकान शाळेपासून हजार फूट दूर हवं. बूट दुरुस्त करणाऱ्या ओडेलचा धंदा बसला होता. त्याने तिथेच गांजाचं दुकान काढायला अर्ज केला. परवाना मिळाला नाही, तर वडिलांनी बांधलेली जागा विकावी लागणार होती.

वर्नाबाई आणि मी शाळेच्या फाटकापासून निघालो, पूल ओलांडला आणि त्याच्या दाराशी थांबलो. अकराशे चाळीस फूट! ओडेलने वर्नाबाईंना मिठीच मारली.

पण नगरपालिकेच्या सभेत अध्यक्षांनी नकाशावर पट्टी ठेवली. "सरळ रेषेत नऊशे दहाच भरतात."

"अहो, मध्ये नदी आहे! पोरं काय उडत येणार आहेत?" ओडेल म्हणाला.

सगळे हसले. मग कुणी म्हणालं, फाटकापासून का, मैदानाच्या कुंपणापासून मोजा. कुणी म्हणालं, वर्गाच्या दारापासून. प्रत्येक वेळी आकडा वेगळा आणि प्रत्येक आकडा खरा! माझं डोकंच चालेना. शेवटी कुंपणापासून सरळ रेषा ठरली आणि अर्ज नामंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी ओडेलने मला मागून घेतलं आणि तोच रस्ता स्वतः चालला. पुन्हा अकराशे चाळीस.

"हा खोटं सांगतोय का गं, वर्ना?"

"नाही रे."

"मग माझं चुकलं कुठे?"

वर्नाबाईंनी माझा आकडा पुन्हा शून्यावर आणला. मलाही कळलं नाही.

त्याने जागा विकली. पुढच्या वसंतात गावाने हजाराचे पाचशे फूट केले. नव्या मालकाने तिथेच गांजाचं दुकान थाटलं. आता अंतरं संगणकावर मोजतात आणि मी अडगळीत गंजतो आहे.

मित्रांनो, जुन्या अवजारांना अधूनमधून तेल द्या. आणि मोठे होऊन नियम लिहाल, तेव्हा कुठून कुठवर आणि कोणत्या वाटेने मोजायचं, तेही आधीच लिहा. मला नुसतं चालता येतं. ठरवायचं तुम्हालाच आहे.