धसकटांचं रान

मोडनिंबापासून चार कोसांवरच्या त्या गावात रब्बीची ज्वारी काढायची ती बजाक्काच्या हातानं, हे ठरूनच गेलेलं होतं. बजाक्का म्हणजे बजाबाई, सावडीची म्होरकी. आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या, अशी सात घरांची सावड तिनं वीस वर्षं मोडू दिली नव्हती. एकदा पात, म्हणजे काढणीची आपली ओळ, धरली की ती दोन्ही मुठींनी ज्वारीचं ताट असं उपटायची की जमिनीत मुळाचा एक तंतू राहायचा नाही. साठी उलटली तरी पुढची पात तिचीच. कीर्तनात बुवांनी ध्रुपद सोडावं आणि मागं टाळकऱ्यांनी ते उचलावं, तशी बाकीची माणसं तिच्यामागं चालायची. आपल्या हातांचा तिला गर्व होता, आणि तो पेलण्याएवढं काम ते हात करतही होते.

म्हणून त्या सकाळी इसूफ मुलाण्याच्या बांधावर बारा विळे मांडून ठेवलेले दिसले तेव्हा तिला आधी काही उमगेचना.

“ह्ये काय रं इसूफ? वैरण कापायला बलिवलंय का काय आमाला?”

इसूफ पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. गावच्या सप्त्यात पखवाजाला खेटून बसायचा आणि टाळी कधी चुकायचा नाही. त्यानं डोईचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि म्हणाला, “आक्का, औंदा तिन्ही एकर इळ्यानं कापायचं. मूळ रानातच ऱ्हाऊ द्यायचं. मागनं नांगरट बी न्हाय. पुढली पेर धसकटातनंच करायची.”

“अय्यय्यो!” निंगव्वा ओरडली. ती अक्कलकोटाकडची सून, तोंडानं फटकळ. “धसकाट पायात घुसल्यावर तुमी कडंवर घेणार व्हय आमाला, इसूफभाऊ?”

“त्ये काय घेत्यात?” इसूफची बायको खातूनबी मागून म्हणाली. “घागर उचलली तरी कंबर धरून बसत्यात.”

सगळे हसले. बजाक्का हसली नाही. इसूफ दोन वर्षं बांधाकडच्या अर्ध्या एकरात असले उद्योग करतोय हे तिला ठाऊक होतं. नवरा-बायको आपलं आपण कापत होते, म्हणून तिनं काणाडोळा केला होता. पण आज प्रश्न सावडीच्या रीतीचा होता.

“सावड आली तर सावडीच्या रीतीनं,” ती म्हणाली. “ज्वारी उपटायची आसती. कडबा बुडापासनं भरला पायजे, रान साफ झालं पायजे. धसकटं ठिवायची आसतील तर तुमी दोघं कापा. आमी म्हागारी जातो.”

इसूफचा चेहरा उतरला. दोघांनी तीन एकर कापायचे म्हणजे आठवडा, आणि आभाळ कालपासून भरून येत होतं. एकदा अवकाळी झोडपून गेला की कणसं काळी पडायला वेळ लागत नाही. शिवाय सावड एकदा बांधावरून फिरली म्हणजे ते घर पुढं कुणाच्याच पातीत धरलं जात नाही.

तरी त्यानं आवाज चढवला नाही. “आक्का, एक इचारू? सप्त्यात वीणा खाली ठिवतो का आपुन कधी?”

“न्हाय. त्याचं हितं काय?”

“एक दमला की दुसऱ्याच्या गळ्यात. सात दीस खंड न्हाय. मग रानातलं मूळ आपुन दरसाली का उतरवून ठिवतो? जुनं मूळ आत कुजतंय, त्याच वाटंनं नवं मूळ खाली जातंय. मागनं पाणी बी जातंय. आपुन ती वाटच उपटून बांधावर टाकतो की.”

सप्त्यात पहाटेचा वीणा बजाक्काच्याच गळ्यात असायचा. त्यामुळं बोल नेमका वर्मी बसला, आणि तिला राग आला.

“माझ्याम्होरं कीर्तन नको करूस. तुझ्या त्या आर्ध्या एकरात मी एक पात उपटती. काय वंगाळ हुतंय ते मला डोळ्यांनी दाव. न्हाय दावलंस तर तिन्ही एकर उपटायचं आन् प्रभुलिंगाचा ट्रॅक्टर नांगराला लावायचा.”

“आन् दावलं तर?”

“तर इळा धरीन मी.”

बजाक्काच्या हातात ज्वारीसाठी विळा कुणीच पाहिलेला नव्हता. माणसं सरकून बांधाला उभी राहिली. सावडीतला ट्रॅक्टरवाला प्रभुलिंग मोबाईल खिशात घालून पुढं आला.

बजाक्कानं पदर खोचला, पाय रोवले आणि पहिलं ताट मुठीत धरलं. फाल्गुनात काळं रान दगड झालेलं असतं. ताट सुटायला अंगाचा सगळा भार मागं टाकावा लागतो. चाळीस वर्षांच्या सवयीनं तिनं तसाच हिसका दिला, आणि ताट अलगद वर आलं. बजाक्का पाठीवर, पाय आभाळात, आणि ताट छातीवर.

मग निंगव्वा म्हणाली, “आक्का, ताटानं तुमालाच उपटलं की वो!”

खातूनबी धावली. “लागलं का, आक्का?”

“थांब गं जरा.” बजाक्का उठून बसली, पण तिनं जमिनीवर टेकलेला हात उचलला नाही. माती गार होती. औंदा या रानाला पाण्याचा थेंब दिलेला नव्हता हे सगळ्या शिवाराला माहीत होतं, तरी कुजक्या पाल्याखाली माती गार होती. तिनं बोटं खुपसली. माती रवाळ होऊन सुटली आणि आतलं गांडूळ अंग चोरून खाली गेलं. खड्ड्याच्या कडेला मागल्या सालचं तपकिरी, पोकळ मूळ दिसत होतं. त्याच्या पोटातून औंदाचं पांढरं मूळ उतरलं होतं, आणि तिच्या हिसक्यानं मधोमध तुटलं होतं. वर आलेलं ओलं ढेकूळ तिच्या डोळ्यांदेखत उन्हात पांढरं पडायला लागलं.

इसूफला दाखवायचं ते समोरच होतं.

बजाक्का उठली, बांध ओलांडून पलीकडच्या रानात गेली. हे प्रभुलिंगाचं. चार दिवसांपूर्वी तिनंच पुढं होऊन साफ केलेलं, लख्ख. तिथल्या एका भेगेत तिनं हात घातला. तो कोपरापर्यंत गेला.

“आक्का, माझ्या रानाला कशापायी मान खाली घालाय लावताय?” प्रभुलिंग म्हणाला.

“तुझ्या न्हाय, बाबा. माझ्या हाताला लावतीय.”

ती परत आली आणि इसूफपुढं हात केला. “दे इळा. आन् कसा धरायचा ते बी सांग.”

“आक्का, तुमाला मी शिकवू?”

“शिकीव की. लाज वाटायची तर मला वाटंल.”

पहिली दहा-बारा ताटं वाकडीतिकडी कापली गेली. “आजून खाली, आक्का. चार बोटंच ठिवा,” खातूनबी सांगायची, आणि बजाक्का “बरं, मास्तरीणबाई” म्हणून वाकायची. बाकीच्यांचे हात वैरणीच्या विळ्याला सरावलेले. निंगव्वा केव्हाच पुढं निघून गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा बजाक्काची पात सगळ्यांत मागं होती. तिच्या बोटाला विळा लागला, तिनं चिंधी बांधली आणि पुन्हा वाकली. मागं राहिल्यामुळं तिला एक गोष्ट दिसत होती, जी पुढं असताना कधी दिसली नव्हती: अकरा माणसं एका लयीत पुढं चाललीत, आणि त्यांच्या मागं रान उघडंबोडकं न होता रांगेनं मुळं धरून बसलंय. तिचा ऊर भरून आला. ही सावड आपली, आणि हे शहाणपण आपल्याच पातीतल्या माणसानं काढलंय, असं तिला वाटलं.

दुपारी भाकरी सोडताना प्रभुलिंगानं मोबाईल काढला. “आक्का, उद्या सकाळी नांगर तुमच्या रानात. येऊ न्हवं?”

“नको.”

“आवो, नंबर लावलाय तुमी.”

“काढून टाक. मुळं तर मीच उपटून बसलीय, आता वरनं भुईचं पोट बी फाडू व्हय? कडब्याचा पाचोळा पसरती, न् त्यातच पेरती.” मग ती इसूफकडं वळली. “फुडल्या साली माझ्या रानात ज्वारी इळ्यानं. आन् सातीच्या सात घरांत. कुणी कुरकुरलं तर माझ्याकडं धाडून दे.”

इसूफचे डोळे पाणावले. “आन् म्होरं कोण, आक्का?”

“मीच की! वरीसभरात इळा शिकत न्हाय व्हय मी?”

आभाळ खाली आलं होतं आणि दीड एकर अजून उभं होतं. बाकीच्यांचं पाणी पिऊन व्हायच्या आत बजाक्का उठली, चिंधी दातांनी आवळली आणि उभ्या ज्वारीत शिरली.