पाच पायांचा घोडा

मोगी वळवीच्या घोड्याला पाच पाय होते, यात घोड्याचा काहीच दोष नव्हता. चामटोलीच्या घरी ती चौथा पाय काढत असताना तिचा नवरा रायसिंग दारातून ओरडला होता, "कुकर बंद केलास का?" ती उठली, कुकर बंद केला, परत येऊन बसली आणि एक पाय राहिलाय असं समजून आणखी एक काढून मोकळी झाली. चूक लक्षात आली तेव्हा आत ठिपकेही भरून झाले होते. धडगावला, डोंगरातल्या घरी, भिंतीवर नवसाचा घोडा काढताना आईने तिला बजावलं होतं की ठिपका पडला की चित्रात जीव येतो, मग खोडायचं नाही.

"धावू दे पाचांवर," मोगी म्हणाली. "चामटोलीहून धडगाव काय जवळ आहे?"

बदलापुरात हेंद्रेपाड्याला बचतगटांचं प्रदर्शन भरतं, तिथे तिने तो घोडा मांडला. विकला काही गेला नाही. एका गृहस्थाने फोटो तेवढा काढला. मोगी हौसेने पदर सावरून घोड्याशेजारी उभी राहिली, तर तो म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा."

वर्षभराने शेजारच्या बकुळाने तिला हाक मारून आत नेलं. पलंगावर नवी कोरी बेडशीट, आणि तिच्यावर मोगीचा घोडा, एक नाही, चांगले वीसपंचवीस. सगळ्यांना पाच-पाच पाय.

"उल्हासनगरला मिळाली. तू हिच्यावरूनच शिकलीस ना गं?" बकुळा म्हणाली. "मस्त उतरवतेस हां!"

बकुळाच्या मनात पाप नव्हतं, हीच पंचाईत होती. बेडशीट घराघरांत पोचली होती आणि बघणारा प्रत्येक जण तेच समजत होता. दोनच दिवसांत प्रदर्शनवाल्या नीलिमाताईंचा फोन आला. "मोगीताई, राग मानू नका. पण लोक म्हणतात तुम्ही बेडशीटची कॉपी करता. आमच्याकडे फक्त ओरिजिनल चालतं. यंदा स्टॉल देता येणार नाही."

मोगीला रडूच कोसळलं. आईने हात धरून गिरवलेला घोडा, आणि तिलाच लोक चोर म्हणणार? मग डोळे पुसले, आणि अशी काही संतापली की रायसिंग मोरिवलीच्या कारखान्यात पाळीवर अर्धा तास लवकरच निघून गेला.

बेडशीट छापून विकणारं उल्हासनगरचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. मालक मुकेशसेठ गादीवर बसला होता. पोट मांडीवर, चष्मा कपाळावर, दोन्ही कानांना दोन फोन. मोगीने बेडशीट त्याच्यापुढे पसरली.

"हा घोडा माझा आहे."

"अरे बाई, ये तो जयपूरची डिझाइन आहे."

"मग हा पाचवा पाय कशाला?"

सेठने चष्मा खाली घेऊन पाहिलं. "वो पूंछ है."

"शेपटी ही इकडे आहे."

"मग..." सेठने बेडशीट उलटी फिरवून पाहिली. "स्पीड आहे, बाई! घोडा धावतोय ना." आणि स्वतःच खदखदून हसला. माणूस वाईट नव्हता. फक्त निर्लज्ज होता. मग कुजबुजत म्हणाला, "खरं सांगू? त्या पायाने डोकं खाल्लं माझं. गिऱ्हाईक बोलतं, डिफेक्टिव्ह पीस. चार पायवाला काढून देणार का?"

"माझं नाव टाकाल खाली?"

"बेडशीटवर नाव? लोक काय तुमच्या नावावर झोपणार?"

मोगीने सेठकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं. मग गोड आवाजात म्हणाली, "देते काढून. चारच पाय."

घरी येऊन तिने दार लावलं, कुकर लावलाच नाही आणि रंग काढले. घोडा काढला, देखणा, चार पायांचा. पुढे त्याचा लगाम ओढणारा एक माणूस काढला. चोरपावलांनी चाललेला, मागे वळून बघणारा, चपला काखेत. पोट मांडीपर्यंत, चष्मा कपाळावर, दोन्ही कानांना दोन फोन. पोटावर ठिपके भरायला तिला फार मजा आली. जागा भरपूर होती. अगदी मागे, ब्रश उगारून धावत येणारी एक बाई काढली.

सेठने चित्र हातात घेतलं आणि बोटाने पाय मोजले. "एक, दो, तीन, चार. बढिया! आणि हा माणूस कोण?"

"घोडेवाला."

"बढिया," सेठ म्हणाला आणि चित्र छापायला पाठवून दिलं.

दिवाळीच्या तोंडावर बेडशीटी दुकानांच्या दारांत टांगल्या गेल्या. समोरचा चहावाला पहिल्यांदा ओरडला, "सेठ, घोडा किधर से उडाया?" मग सगळी गल्ली बघायला आली. जो तो पोट धरून हसायचा आणि जाताना एक बेडशीट घेऊन जायचा. ती मागची बाई कोण, हे विचारत विचारत बातमी अंबरनाथ ओलांडून बदलापुरात पोचली. बकुळाने तर अख्ख्या चामटोलीला ऐकवलं, "चोर तो आहे, आमची मोगी नव्हे!" नीलिमाताईंचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात साखर होती आणि स्टॉल दाराजवळचा होता.

त्या स्टॉलवर मुकेशसेठ स्वतः आला. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"बाई, आख्खं मार्केट मला घोडाचोर बोलतंय. माझी बायकोपण बोलते. मला पुसून टाका."

"ठिपका पडला की खोडत नाहीत आमच्यात."

"मग नवीन काढा! तुमचं नाव टाकतो, मोठ्या अक्षरात, गावासकट."

"लोक नावावर झोपतील?"

"झोपू दे ना, बाई!" सेठने हातच जोडले. मग हळूच पुढे झुकला. माल कधी नव्हे इतका खपत होता. चित्रातून पार नाहीसं व्हायचंही त्याच्या जिवावर आलं होतं. "फक्त मला घोड्यावर बसवा. मालकासारखा. फेटाबिटा घालून."

"बसवते की," मोगी म्हणाली.

आठवड्याने ती चित्र घेऊन दुकानात गेली. खालच्या कोपऱ्यात लाल ठिपक्यांत, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मोगी वळवी, चामटोली. इतकी वर्षं चित्रं काढूनही स्वतःचं नाव तिने याआधी कधी रंगवलं नव्हतं. वर घोडा, घोड्यावर सेठ. भरजरी फेटा, पिळदार मिशा, रुबाबात ताठ बसलेला, आणि तोंड शेपटीकडे.

मुकेशसेठने चष्मा कपाळावरच राहू दिला. त्याने आधी नाव वाचलं, मग फेटा पाहून खूश झाला, आणि मग सवयीने बोट लावून पाय मोजले.

"चार. बढिया!" तो म्हणाला.